रिकाम्या ऐरणीवरचा ठोका

परवा सकाळी टेम्पो येणार, हे जितेंद्रनं पिशवी टेकायच्या आतच सांगून टाकलं. चहा झाल्यावर आपल्याला ते सांगवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पिशवीत आखाजीचे आंबे होते. लताबाईनं, त्याच्या मायनं, ते टोपल्यात ओतले, नासका कुठला ते बोटानं दाबून पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "टेम्पोमा काय काय जाई?"

खाट, भांड्यांची पेटी, गोधड्या. आणि ऐरण.

ऐरण म्हटल्यावर तिचं बोट चांगल्या आंब्यात रुतलं. तो आंबा तिनं मुकाट्यानं बाजूला काढला.

संक्रांतीच्या सुमारास तिच्या नवऱ्याला, निंबा लोहाराला, लकवा मारला तेव्हापासून हे कधीतरी येणारच होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखाना झाला, मालिश झाली, पाय जरा टेकायला लागला. हात आणि शब्द काही परत आले नाहीत. जितेंद्रचं म्हणणं सरळ होतं. भुसावळजवळ दीपनगरच्या वळणावर त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान, मागं दोन खोल्या, दवाखाना हाकेवर. आबा आणि माय तिथं आले की सगळ्यांच्या जिवाला स्वस्थता. गावातली भट्टी मोडायची, छपराला कुलूप लावायचं. आता यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं, आणि तीच खरी पंचाईत होती. पोरगा वाईट असता तर लताबाईनं त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. पण जितू वाईट नव्हता. बापाचे पाय चेपताना त्याचे डोळे भरून यायचे, हे तिनं दारातून पाहिलं होतं.

लताबाई या गावात आली ती साक्रीकडून. तिच्या तोंडात 'आहे'च्या जागी 'शे' होतं, इकडच्या बायकांच्या तोंडात नव्हतं, म्हणून पहिली काही वर्षं पाणवठ्यावर तिला 'काय शे, कोठे शे' असं चिडवून झालं. तिनं 'शे' सोडलं नाही. बायका चिडवायच्या थांबल्या, कारण तोवर त्यांनी तिला घण मारताना पाहिलं होतं.

आणि ते पाहण्यासारखंच होतं. पदर कमरेला खोचून, पाय फाकवून ती उभी राहायची. घण खांद्यामागून निघायचा, डोक्यावर क्षणभर थांबायचा आणि खाली यायचा तो निंबानं दाखवलेल्या जागी, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. बळ तर पुष्कळांना असतं हो. बैलालाही असतं. पण लाल लोखंडावर नवऱ्याचे डोळे, नवऱ्याचा हात, सांडशी आणि हातोडी इतक्या जवळ असताना जीव तोडून घाव घालायचा आणि माणसाला ओरखडा उठू द्यायचा नाही, हे बळाचं काम नव्हे. उभ्या जन्मात तिचा घण निंबाच्या बोटाला लागला नाही. तरी गावानं भट्टीला नाव दिलं ते 'निंबाची भट्टी'. फाळ शेवटायचा, त्याला नवं टोक काढायचं तर निंबाकडं, वखराची पास, म्हणजे पातं, ठोकायची तर निंबाकडं, केळीच्या घडाचा विळा पाजवायचा तर निंबाकडं. लोहार म्हणजे तो. ती लोहाराची बायको. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटलं नव्हतं.

भट्टीवर दोघं बोलत नसत. तापलेलं लोखंड बोलायला वेळ देत नाही. बोलायची ती हातोडी. निंबा हलकीच टिचकी जिथं मारील तिथं घण पडायचा. लोखंडाच्या काठावर हातोडी घासली की हळू. आणि रिकाम्या ऐरणीवर, लोखंडाला न शिवता, एकच ठोका पडला की थांब. पोरं लहानपणापासून तो टणत्कार ऐकतच मोठी झाली. तो वाजला की भट्टीवरचं सगळं जागच्या जागी थांबायचं. खेळत जवळ आलेला जितूसुद्धा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी घर भरलं. पितरांची घागर भरून झाली, खापरावरची पुरणपोळी आणि रस जेवून झाला. सुलक्षणा, थोरली लेक, बोदवडहून आदल्या दिवशीच माहेराला आली होती. गल्लीतल्या लेकीबाळी कडुनिंबाच्या झाडाला झोके बांधून गौराईची गाणी म्हणत होत्या, पण ती झोक्यावर गेली नाही. भावानं तिला फोनवर आधीच आपल्या बाजूला वळवून घेतलं होतं, आणि तिलाही ते पटलं होतं. बोलायला सुरुवात तिनंच केली. मायचं वय झालं, परवा मायच्या पाठीत चमक भरली ते शेजारणीनं मला सांगितलं, मायनं नाही सांगितलं. बोदवडला माझ्या सासरी बायका विचारतात, तुझी माय अजून घण मारते का गं, तेव्हा मी काय सांगू?

"सांग, मारस म्हनीसन," लताबाई म्हणाली.

सुलक्षणा रागावली. माय, चेष्टेवारी नेऊ नको, म्हणाली. मग जितेंद्र समजावणीच्या सुरात लागला. तिथं गॅस आहे, नळ आहे, मयुरी घरातच असते. मयुरी म्हणजे त्याची बायको, नशिराबादची. ती सासऱ्याच्या खाटेपाशी बसून त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून मोकळी करत होती. नवऱ्यानं नाव घेतलं तरी तिनं पुढचं बोट धरलं. लताबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. सून नवऱ्याच्याच बाजूची असणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

"अन् ऐरण नेऊन तू काय करशी?" तिनं मुलाला विचारलं.

ती दुकानाच्या दारात चौथऱ्यावर ठेवायची, जितेंद्र म्हणाला. शेंदरी रंग देऊन. आबांची आठवण. येणारा-जाणारा नमस्कार करील.

त्यानं हे मनापासून सांगितलं. पण खाटेवरच्या माणसाची आठवण तो जिवंत असताना ठेवायची, हे लताबाईच्या गळी उतरेना. ती म्हणाली, भट्टी तुन्ही नही, मन्ही बी नही, तुन्हा आबानी शे. त्याले इचार.

आबाला विचारायचं कसं? मान तर तो कशालाही डोलवायचा. भाकरी देऊ? मान डोलवायची. भाकरी नको ना? तरी मान डोलवायची. तेव्हा मयुरी पहिल्यांदा बोलली.

"आबांना हातोडी देऊन बघा," ती म्हणाली. "तोंडानं सांगता येत नसलं, तरी डावा हात ऐकतो त्यांचं. रोज बोटं मोकळी केली की ते खाटेच्या माच्यावर ठोकत असतात काहीतरी."

लताबाईनं सुनेकडं दुसऱ्यांदा पाहिलं. हे तिलाही ठाऊक होतं. पण हे कुणी दुसऱ्यानंही पाहिलं असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

खाट उचलून छपरात नेली. ऐरणीवरची धूळ सुलक्षणानं पदरानं पुसली. जितेंद्रनं बापाच्या डाव्या हातात हातोडी दिली, बोटं वळवून दांड्यावर बसवली आणि उकिडवा बसून विचारलं, "आबा, भट्टीचं काय करायचं? तुम्ही सांगाल तसं."

निंबानं पोराकडं पाहिलं, मग थंड पडलेल्या भट्टीकडं पाहिलं. हात सावकाश वर गेला. हातोडी रिकाम्या ऐरणीवर पडली. एकच ठोका. टण्.

दुसऱ्याच क्षणी सुलक्षणानं ती हातोडी काढून घेतली, निसटून आबाच्या पायावर पडायला नको म्हणून. जितेंद्रनं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. लहानपणापासून ऐकलेला ठोका. त्याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. "थांब म्हणाले," तो म्हणाला. "अक्का, आबाच म्हणाले, थांब. पुरे झाली भट्टी."

लताबाईनं ते खोडून काढलं नाही. कारण तिलाही तो तसाच ऐकू आला होता, आणि तसा आला नव्हताही. तिच्या हाताला काहीतरी वेगळं कळलं होतं. पण हात खोटंही बोलू शकतो. भट्टी राहावी असं जिला वाटतं, तिनंच कसं म्हणायचं, की त्याला असं म्हणायचं नव्हतं? लोक काय म्हणतील, आणि लोकांचं जाऊ द्या, आजारी माणसानं मन मोकळं करून थांब म्हटलं असेल तर? आपला हेका चालवून त्याचा शब्द मोडायचा? ती चुलीकडं निघून गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली.

दुसऱ्या दिवशी गावात बारागाड्या होत्या. बारा गाड्या एकामागे एक जोडायच्या, त्यांवर माणसं खच्चून भरायची आणि भगतानं त्या ओढायच्या, ही इथली जुनी चाल. गाड्या आता सगळ्या रबरी टायरच्या. पण सगळ्यांत पुढची, भगताच्या कमरेला जोडायची, ती लाकडी चाकांचीच लागते. ती गाडी नवलच्या घरची. केळी-कापसाचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. वर्षभर ती गाडी गोठ्यात झाकून ठेवायचा. सकाळी उन्हं वर यायच्या आत तो एक चाक गडगडवत छपरापुढं आला. खाटेवर निंबा, बाजूला उभा जितेंद्र. नवलला कुणाशी बोलावं कळेना.

"लतामाय," शेवटी तो तिच्याकडंच वळला, "धाव खडखडते. पुना भगत म्हणतो, लाकडी चाक नसलं तर मी गाड्यांले हात लावत नही. अन् ह्या चाकावर माणसं बसली तर मले झोप लागायची नही."

लताबाईनं चाक फिरवून पाहिलं. उन्हानं लाकूड आटलं होतं, भोवतीची लोखंडी धाव सैल पडली होती. गर्दीच्या भारानं ती निसटली असती तर चाक आऱ्यांसकट बसलं असतं, आणि वरची माणसं खाली. धाव काढायची, तोडून दोन बोटं कमी करायची, टोकं तापवून पुन्हा सांधायची, मग गोवऱ्यांच्या जाळात सबंध धाव लाल करून चाकावर चढवायची. एकट्या बाईचं काम नव्हे.

जितेंद्र म्हणाला, सांधा मी वेल्डिंगनं मारून देतो, दुकानातून मशीन मागवतो. तुझी जोड वाईट नसते रे, लताबाई म्हणाली, पण धाव चढवायला जाळ करावाच लागणार, मग सांधा तेवढ्या जाळात का नको? तेवढंच कारण नव्हतं. उद्या ऐरण जाणार होती. आज एकदा भट्टी धगधगलेली तिला हवी होती. तिनं ते तसंच सांगितलंही: "एकदाव, जितू. मंग तू म्हनशी तसं."

जितेंद्रनं शर्ट काढून खुंटीला लावला.

मयुरीनं न सांगता पदर खोचला आणि भात्याच्या जागी बसवलेल्या पंख्याची मूठ धरली. सुलक्षणा आधी उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. मग गोवऱ्या कमी पडताहेत हे बघून आपणच परसात गेली. खाट ऐरणीपाशी सरकवली. निंबानं डावा हात पुढं केला, तेव्हा त्याच्या हातात हातोडी लताबाईनं दिली. सांडशी तिनं स्वतः घेतली. सांडशी धरायची ती लोहारानं, घण मारायचा तो दुसऱ्यानं. आज घण मुलाच्या हातात होता. ही अदलाबदल कुणाच्या लक्षात आली नाही, तिच्याही नाही. काम सुरू झालं होतं.

टोकं पांढरीशार झाली, ठिणग्या फुलायला लागल्या, तशी तिनं धाव ओढून ऐरणीवर आणली. निंबाची हातोडी थरथरत आली आणि सांध्यावर टेकली. जितेंद्रचा घण पडला. पहिला जरा बाजूला, दुसरा बरोबर. काय हात होता पोराचा! इतकी वर्षं ग्राइंडर आणि रॉड धरून मोडला नव्हता. मायचाच हात होता तो. हातोडी दाखवील तिथं घण, पुन्हा हातोडी, पुन्हा घण. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. सुलक्षणा गोवऱ्यांची पाटी डोक्यावर तशीच घेऊन बघत राहिली. बोदवडच्या बायकांना काय सांगायचं हा प्रश्न तेव्हा तिच्या डोक्यात नव्हता.

आणि मग हातोडी लोखंडावरून सरकली, आणि रिकाम्या ऐरणीवर एकच ठोका पडला. टण्.

जितेंद्र थांबला. घण त्यानं खाली टेकवला, दांडा भिंतीला लावला आणि कपाळावरचा घाम पुसला. "झालं का, आबा?" तो हसून म्हणाला. सांधा जुळल्यासारखा दिसत होता.

निंबाचं तोंड वाकडं झालं. रागाचा एक अस्फुट आवाज त्याच्या घशातून निघाला. हातोडी त्यानं खाली ठेवली नाही. उभी धरून ठेवली, आणि नजर भट्टीवर रोखली. पोराकडं नाही, सांध्याकडं नाही, भट्टीतल्या विस्तवाकडं.

लताबाईच्या हाताला काल जे कळलं होतं, ते आता तिच्या जिभेवर आलं. सांडशी तिनं सोडली नाही.

"घण कसाले ठेवा तू?" ती म्हणाली. "काम सरनं म्हंजे तुन्हा आबा हातोडी आडवी ठेवस. आडवी ठेवी का त्यानी?"

जितेंद्रनं बापाच्या हाताकडं पाहिलं. हातोडी उभीच होती.

"थांब म्हंजे मोड नही, जितू. लोखंड थंड पडनं. आते मारशी तर सांधा फुटी. थांब म्हंजे परत आगमा घाल."

ती सांध्याबद्दल बोलत होती. पण बोलून झाल्यावर तिलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. काल दुपारचा ठोका, बापाच्या गुडघ्यावर टेकलेलं डोकं, अक्कानं घाईनं काढून घेतलेली हातोडी, सगळं जितेंद्रच्या चेहऱ्यावरून गेलं. त्याला ती खूण ठाऊक होती, पण अर्धीच. बारा-पंधराच्या वयात शाळा, मग आयटीआय. लोखंड पुन्हा भट्टीत जाईपर्यंत तो कधी थांबलाच नव्हता. टण् वाजलं की खेळायला पळायचा.

"मयुरी, पंखा," एवढंच तो म्हणाला.

पंखा आधीच फिरत होता. लताबाईनं सांधा आगीत घातला, तो नीट धरावा म्हणून वर चिमूटभर वाळू टाकली, पुन्हा पांढरा केला, पुन्हा बाहेर आणला. या वेळी ठोका पडला तेव्हा जितेंद्रनं घण खाली ठेवला नाही. खांद्यावरच धरून आगीकडं बघत राहिला. असं किती वेळा झालं कुणी मोजलं नाही. शेवटी निंबानं सांध्यावरून हातोडी हलकेच फिरवली, डोळे मिटल्यासारखे केले आणि ती ऐरणीवर आडवी ठेवली. आवाज झाला नाही. सगळ्यांनी पाहिलं.

धाव चढवायला मग अख्खी गल्ली आली. गोवऱ्यांच्या कड्यात धाव लाल झाली, चौघांनी चिमट्यांनी उचलली, लताबाई म्हणाली तिथं धरली, सोड म्हणाली तेव्हा सोडली. लाकूड भक्कन पेटलं. सुलक्षणानं आणि मयुरीनं दोन बाजूंनी घागरी ओतल्या, वाफेचा लोट उठला, आणि आवळत जाणाऱ्या धावेखाली आरे कडकड करत आपापल्या जागी बसले. नवलनं चाक उचलून आपटून पाहिलं. एकजीव आवाज आला. त्यानं निंबाच्या पायाला हात लावला, मग जरा घुटमळला, आणि लताबाईच्याही लावला.

दुपारी पुना भगतानं गाड्या ओढल्या. पुढच्या गाडीवर माणसं मुंग्यांसारखी लटकली होती. चाक कुरकुरलंसुद्धा नाही.

सगळे परतल्यावर जितेंद्र पुन्हा खाटेपाशी उकिडवा बसला. या वेळी त्यानं प्रश्न विचारला नाही. नुसती हातोडी बापाच्या हातात दिली. निंबानं ती घेतली आणि रिकाम्या ऐरणीवर एक ठोका मारला. सुलक्षणाचा हात सवयीनं पुढं आला, तो जितेंद्रनं मनगटाला धरून मागं घेतला.

"राहू दे, अक्का. बघू दे."

हातोडी आडवी झाली नाही. निंबानं ती हातातल्या हातात सावकाश फिरवली, लोखंडाची बाजू स्वतःकडं घेतली आणि दांडा लताबाईपुढं धरला.

ती बघतच राहिली. या भट्टीवर तिनं घण धरला होता, भाता ओढला होता, आज सांडशीही धरली. पण हातोडी त्याची. ती मागायची नसते आणि कुणी देतही नसतं. तिनं दोन्ही हात लुगड्याला पुसले, उगाचच पुन्हा पुसले, आणि दांडा धरला. निंबानं लगेच सोडला नाही. मग सोडला.

"आई, तुम्हाला घण मारायला माणूस लागेल ना?" मयुरी म्हणाली. नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, पण ते त्यालाच होतं. जितेंद्र हसला. रविवारी दुकान बंदच असतं, म्हणाला. सुलक्षणा म्हणाली, मी तर जवळच, बोदवडला, आबाचं दवापाणी मी बघते, तू कायले चिंता करतो. कालची तीच सुलक्षणा बरं का. आज भावालाच शिकवू लागली.

जितेंद्रनं मोबाइल काढला आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. उद्या ये, म्हणाला, पण सामान न्यायचं नाही. येताना भुसावळहून कोळसा आण, दोन पोती.

लताबाईनं मान वर केली नाही. ती हातोडी हातात तोलून बघत होती.

"दोन पोतास्मा काय व्हई?" ती म्हणाली. "चार सांग."